बेंजामिन मेझ : एका 'बंडखोर' प्राचार्याचें आत्मवृत्त

अमेरिकेंतील कृष्णवर्णीय समाजाची आपल्या मध्यमवर्गीय घरांना जी कांहीं ओळख आहे, ती मुख्यत्वें दोन पुस्तकांनीं करून दिलेली आहे. बुकर टी. वॉशिंग्टन यांचें १९०१ सालीं प्रसिद्ध झालेलें आत्मचरित्र नागेश वासुदेव गुणाजी यांनीं 'आत्मोद्धार' या नांवानें मराठींत आणलें, आणि जुन्या पिढीनें तें भक्तिभावानें वाचलें. पुढें १९८१ सालीं वीणा गवाणकर यांचें 'एक होता कार्व्हर' निघालें. तें तर आज मुलांच्या वाढदिवसाला भेट म्हणून दिलें जातें. दोन्ही पुस्तकांचें रंगस्थळ एकच, अलाबामांतील टस्कीजीची शाळा. दोहोंचा रसही एकच : हालअपेष्टा, चिकाटी, स्वावलंबन, हातांच्या कष्टांची प्रतिष्ठा, आणि अपमान करणाऱ्याविषयीं मनांत अढी न धरण्याची थोर वृत्ति. याहून जुना एक धागा आहे. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांस अर्पण केलें होतें. पण ती अर्पणपत्रिका आपल्या घरांतून 'आत्मोद्धारा'इतकी वाचली गेली नाहीं. टस्कीजीचा रस आपल्याला मानवला. आणि तो मानवण्याचें एक कारण, आमच्या मतें, असें कीं आपण स्वतः अपमान करणाऱ्यांत मोडतों कीं सोसणाऱ्यांत, हें ठरविल्यावांचून तो चाखतां येतो.

हें ठरविणें ज्याच्या वाचनानें भाग पडतें असें एक तिसरें पुस्तक आहे. बेंजामिन एलायजा मेझ यांचें 'बॉर्न टु रिबेल' हें आत्मचरित्र १९७१ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालें. 'जन्मजात बंडखोर' असा त्या नांवाचा अर्थ. मेझ हे जॉर्जिया संस्थानांतील अटलांटा शहरीं मोरहाउस कॉलेजचे १९४० पासून १९६७ पर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षें, अध्यक्ष होते. मार्टिन लूथर किंग यांचे गुरु ही त्यांची प्रसिद्धि. परंतु शिष्याच्या तेजानें गुरूची ओळख पटविण्याची जी रीत पडली आहे, ती या गुरूला अन्याय करणारी आहे.

आरंभींच अध्यक्ष या शब्दाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. गृहयुद्धानंतर मुक्त झालेल्या गुलामांसाठीं दक्षिणेंत जीं कॉलेजें निघालीं, त्यांपैकीं मोरहाउस हें एक. १८६७ सालीं ऑगस्टा गांवीं एका बाप्टिस्ट चर्चच्या तळघरांत तें सुरू झालें. १८७९ सालीं अटलांटास आलें. १९१३ सालीं त्याला आजचें नांव मिळालें. त्याचे पहिले चालक गोरेच होते. जॉन होप हे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष, ते १९०६ सालीं त्या जागेवर आले. अशा कॉलेजचा अध्यक्ष म्हणजे आपल्याकडील प्रिन्सिपॉल आणि संस्थेसाठीं झोळी घेऊन फिरणारा आजीव सेवक, हे दोघे एकाच देहांत. वर्गांत काय शिकवावें हें तोच ठरविणार, आणि शिकविणाऱ्यांचे पगार कोठून द्यावयाचे याची विवंचनाही त्यालाच. देणग्या बहुधा उत्तरेंतील गोऱ्या धनिकांकडून व मिशनांकडून यावयाच्या. आतां असा चालक बंडखोर कसा असूं शकेल? ज्याला दर वर्षीं दुसऱ्याच्या दारीं जावयाचें आहे, त्यानें मान ताठ ठेवण्याची भाषा बोलावी, हें नुसतें बोलणेंच नव्हे काय? पुस्तकाचें नांव वाचतांच आमच्या मनांत ही शंका आली. आणि तिचें उत्तर शोधीतच आम्हीं तें वाचलें.

मेझ १८९४ सालीं दक्षिण कॅरोलिना संस्थानांतील एपवर्थ या खेड्याजवळ जन्मले. आईबाप दोघेही गुलामगिरींत जन्मलेले; आठ भावंडांत हे सर्वांत धाकटे. वडील हेझकाया खंडानें जमीन घेऊन कापूस पिकवीत. त्यांना वाचतां येई, कारण मालकाच्या मुलानें त्यांना लहानपणीं शिकविलें होतें; आईला मात्र अक्षरओळख नव्हती. पुस्तकाचा आरंभ यांपैकीं कशानेंही होत नाहीं. तो होतो एका आठवणीनें. खांद्यावर बंदुका टाकलेले गोरे घोडेस्वार येतात, बापाला शिव्या देतात, त्याला टोपी काढावयास लावतात आणि पुन्हां पुन्हां वांकून मुजरा करावयास लावतात. शेजारीं चार वर्षांचा मुलगा रडत उभा आहे. मग घोडेस्वार निघून जातात. बस्स, एवढेंच. हें १८९८ सालच्या नोव्हेंबरांतलें. जवळच्या फीनिक्स गांवीं मतदानाच्या दिवशीं दंगल उसळली. ज्या कृष्णवर्णीयांना मत देऊं दिलें जात नव्हतें, त्यांचीं प्रतिज्ञापत्रें गोळा करण्याचा प्रयत्न चालला होता. त्याच्या सूडादाखल पुढें कित्येक दिवस त्या भागांत गोऱ्या टोळ्या माणसें मारीत फिरत होत्या.

वॉशिंग्टन यांच्या पुस्तकाशीं येथें तुलना करून पाहावी. त्यांनाही बालपण वर्णावयाचें आहे, आणि तें त्यांनीं अशा समतोल, किंबहुना विनोदी सुरांत वर्णिलें आहे कीं वाचकाला त्यांच्या मालकांचाही राग येऊं नये. ती एक कला आहे आणि त्या काळीं ती निरुपायाची कलाही होती. कारण पुस्तकाचा वाचकच शाळेचा देणगीदार होता. मेझ यांना ही कला साधलेली नाहीं, आणि ती साधावी अशी त्यांची इच्छाही नाहीं. त्यांची भाषा सपाट, एखाद्या साक्षीदाराच्या जबानीसारखी आहे. टोपीची आठवण सांगून ते तिच्यावर भाष्य करीत नाहींत. परंतु पुढील शेंकडों पानांत बापाची ती वांकलेली पाठ वाचकाच्या डोळ्यांपुढून हलत नाहीं; आणि आमची खात्री आहे कीं ती लेखकाच्याही डोळ्यांपुढून कधीं हलली नाहीं.

बापाविषयींचीं पानें आम्हांला या ग्रंथांतील सर्वांत मोलाचीं वाटतात, कारण त्यांत बंडाचा पहिला प्रसंग घरांतच घडतो. त्या भागांतली कृष्णवर्णीयांची शाळा वर्षाकांठीं जेमतेम चार महिने भरे. कापसाचा हंगाम आला कीं मुलें शेतावर. बापाच्या मतें तेवढें शिक्षण शेतकऱ्याला पुरे होतें. मुलगा ऑरेंजबर्गच्या शाळेंत गेला, तरी फेब्रुवारीच्या अखेरीस त्यानें नांगर धरावयास परत यावें असा नेम. एका वर्षीं मुलानें परत येण्याचें नाकारलें. बापानें रागानें दहा डॉलरची नोट त्याच्या अंगावर फेंकली. नोट फेंकली, पण दिली! या एका हालचालींत किती प्रकारचें दुःख सांठलें आहे, हें ज्यांच्या घरांत शेत आणि शाळा यांची ओढाताण झाली आहे त्यांना सांगावयास नको. मेझ बापाला खलपुरुष करीत नाहींत. ज्यानें बंदुकीपुढें वांकून मुलांना जिवंत ठेवलें, त्याची भीति ते ओळखतात. वडीलधाऱ्यांचा उपदेश एकच असे : सांभाळून राहा, गोऱ्यांच्या वाटेला जाऊं नको. त्या उपदेशाचा मुलाला आलेला अनुभव असा कीं सांभाळून राहूनही उपयोग नव्हता. गांवच्या टपालकचेरींत एका गोऱ्या डॉक्टरनें त्याच्या थोबाडींत मारली. मुलगा नीटनेटका दिसत होता, एवढाच काय तो अपराध.

शिक्षणाचा पुढचा वृत्तांत आम्ही आटोपता घेतों. तो चरित्रकोशांतही सांपडेल. उत्तरेंतील मेन संस्थानांत बेट्स कॉलेज, तेथून १९२० सालीं पदवी. मग शिकागो विद्यापीठ, आणि १९३५ सालीं, म्हणजे चाळिशी उलटल्यावर, डॉक्टरेट. लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं ते बेट्सला गेले ते केवळ विद्येसाठीं गेले नाहींत. गोरा माणूस खरोखरच श्रेष्ठ असतो काय, ही शंका लहानपणापासून त्यांच्या मनांत भरविण्यांत आली होती, आणि गोऱ्यांच्याच वर्गांत त्यांच्याशीं स्पर्धा करून तिचा निकाल लावावा म्हणून ते गेले. निकाल लागला. पण त्यानंतरच्या शिकागोसारख्या विद्यानगरींतही दक्षिणेंतून आलेले कांहीं गोरे विद्यार्थी त्यांना पाहून जेवणाच्या टेबलावरून उठून जात, हें नमूद करावयास ते विसरत नाहींत. ते कांहींच विसरत नाहींत. हा या ग्रंथाचा गुण आहे आणि, पुढें सांगूं त्याप्रमाणें, दोषही.

मराठी वाचकाचें मन जेथें थबकेल, तें प्रकरण आपल्याच देशांतलें आहे. यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनची जागतिक परिषद १९३७ च्या प्रारंभीं म्हैसूर येथें भरली होती. मेझ तेव्हां वॉशिंग्टन शहरांतील हॉवर्ड विद्यापीठाच्या धर्मशाखेचे मुख्य होते. तेथूनच ते प्रतिनिधि म्हणून आले. म्हैसुरास असतांना अस्पृश्य मुलांच्या एका शाळेच्या मुख्याध्यापकानें त्यांना शाळा पाहावयास बोलाविलें. मुलांपुढें त्यांची ओळख करून देतांना त्यानें सांगितलें कीं हे पाहुणे अमेरिकेंतील अस्पृश्य आहेत आणि तरी इतक्या योग्यतेला चढले आहेत.

मेझ प्रामाणिकपणें लिहितात कीं हें ऐकून त्यांना प्रथम धक्का बसला, मग संताप आला. डॉक्टरेट मिळविलेला, विद्यापीठांतील शाखेचा मुख्य असलेला, जागतिक परिषदेचा प्रतिनिधि असा हा पुरुष. त्याला अस्पृश्य म्हणावें? पण तो संताप टिकला नाहीं. आपल्या देशांत, विशेषतः दक्षिणेंत, आपण अक्षरशः अस्पृश्यच आहोंत, हें त्या क्षणीं त्यांना पूर्वीं कधीं नव्हतें इतकें स्वच्छ दिसलें. मुख्याध्यापकाचा हेतु गौरवाचाच होता. 'पाहा, तुमच्यांतलाच एक' असें त्याला मुलांना सांगावयाचें होतें. त्यानें दोन समुद्रांपलीकडील माणसाचें एका शब्दांत जें निदान केलें, तें शिकागोच्या कोणा समाजशास्त्रज्ञानेंही इतक्या थोडक्यांत केलें नसेल.

या प्रसंगाची नीट छाननी केली पाहिजे, कारण लेखकाच्या बंडखोरीची मर्यादा त्यानें येथें स्वतःच्याच हातानें उघडी केली आहे. त्याला राग कां आला? अस्पृश्य हा शब्द हीन आहे असें त्याच्याही मनानें धरलें होतें म्हणून. म्हणजे ज्या मुलांपुढें तो उभा होता, त्यांच्याहून आपण निराळे, वरचे, अशी एक पायरी त्याच्याही मनांत होती. अपमानानें होरपळलेला मनुष्यही दुसऱ्याच्या अपमानाकडे क्षणभर वरून पाहूं शकतो. ही कबुली न देतां पुस्तक पुढें गेलें असतें तर कोणाच्या लक्षांतही आलें नसतें. ती दिली, म्हणून बाकीच्या पुस्तकावर आमचा विश्वास बसला. बावीस वर्षांनीं, १९५९ सालीं, त्यांचे शिष्य किंग भारतांत आले, तेव्हां केरळांतील एका शाळेंत आपल्याला अगदीं असाच अनुभव आल्याचें त्यांनींही सांगितलें आहे. शिष्याच्या तोंडून ती कथा जगभर गेली; गुरूच्या पुस्तकांत ती अधिक ओबडधोबड आणि म्हणून अधिक खरी वाटते.

याच प्रवासांत, १९३६ साल संपतां संपतां, वर्ध्याच्या मुक्कामीं मेझ गांधींना भेटले. मुलाखत दीड तास चालली. अहिंसा म्हणजे निष्क्रियता नव्हे, ती एक कृतिशील शक्ति आहे, आणि ती एकट्यादुकट्यानें नव्हे तर समाजानेंही आचरतां येण्यासारखी आहे, हें गांधींचें म्हणणें त्यांनीं मनावर कोरून घेतलें, आणि परत गेल्यावर कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांतून त्यावर लिहिलें. किंग तेव्हां सात-आठ वर्षांचे होते. पण मेझ यांनीं दुसराही एक प्रश्न विचारला होता : आपण अस्पृश्यतेविरुद्ध लढतां, मग जातिसंस्थेवरच हल्ला कां करीत नाहीं? श्रमविभागाच्या रूपानें वर्णव्यवस्थेचें समर्थन गांधी त्या काळीं करीत, तेंच उत्तर मिळालें. वाचकांना स्मरत असेल कीं त्याच वर्षीं, मे १९३६ मध्यें, डॉ. आंबेडकरांचा 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' हा निबंध प्रसिद्ध झाला होता आणि जुलैंत गांधींनीं 'हरिजन' पत्रांत त्याला उत्तर दिलें होतें. अमेरिकेंतून आलेल्या पाहुण्यानें जो प्रश्न वर्ध्यास विचारला, तो मुंबई इलाख्यांत त्या वेळीं पेटलेलाच होता. पाहुणा उत्तर ऐकून पुढें निघाला. तो पाहुणाच होता, हें खरें. तरीही आम्हांला वाटतें कीं या ठिकाणीं त्यानें आणखी दोन पानें खर्चावयास हवीं होतीं. ज्याला म्हैसुरास अस्पृश्य या शब्दाचा अर्थ कळला, त्यानें वर्ध्याच्या उत्तरावर एवढ्यांतच समाधान मानावें, हें मनाला पटत नाहीं.

आतां मोरहाउसकडे वळूं. १९४० सालीं मेझ तेथें आले तेव्हां कॉलेजची स्थिति केविलवाणी होती. मंदीनें देणग्या आटल्या होत्या. १९२९ सालीं शेजारच्या अटलांटा विद्यापीठाशीं व स्पेलमन या मुलींच्या कॉलेजशीं जी जोडणी झाली, तींत मोरहाउस धाकट्या भावाप्रमाणें मागें पडलें होतें. त्यांत युद्ध आलें आणि विद्यार्थी सैन्यांत गेले. मेझ यांनीं पहिली मोहीम काढली ती फीवसुलीची. विद्यार्थ्यांनीं त्यांचें नांव 'बक बेनी' ठेवलें. रेडिओवरील एका विनोदी नटाचें तें गाजलेलें सोंग होतें. 'जन्मजात बंडखोर' आणि फीची थकबाकी! पण येथेंच आमच्या शंकेचें पहिलें उत्तर मिळालें. विद्यार्थ्यानें फी भरली पाहिजे, माजी विद्यार्थ्यानें देणगी दिली पाहिजे, या आग्रहामागें कंजूषपणा नव्हता. जितका पैसा घरचा, तितकें परक्या दारीं वांकणें कमी, एवढा सरळ हिशेब होता. १९४४ सालीं टस्कीजीचे अध्यक्ष फ्रेडरिक पॅटर्सन यांच्या पुढाकारानें अशा कॉलेजांचा संयुक्त निधि स्थापन झाला, त्यांतही मेझ प्रथमपासून होते. प्रत्येकानें निरनिराळी झोळी फिरविण्यापेक्षां सर्वांनीं मिळून एक फिरवावी, ही त्यामागील कल्पना. संस्था चालविणाऱ्या आपल्याकडील मंडळींनीं हीं पानें अवश्य वाचावींत. त्यांना तीं कादंबरीहून चटकदार वाटतील.

युद्धानें रिकाम्या झालेल्या बाकांचा एक परिणाम मात्र कोणाच्या ध्यानींमनीं नव्हता. हायस्कुलांतील हुशार मुलांना शेवटचें वर्ष पुरें होण्यापूर्वींच घ्यावें असें कॉलेजनें ठरविलें, आणि १९४४ सालीं त्या वाटेनें पंधरा वर्षांचा मार्टिन लूथर किंग आंत आला.

दर मंगळवारीं सकाळीं मेझ प्रार्थनामंदिरांत विद्यार्थ्यांपुढें बोलत. हजेरी सक्तीची होती. या भाषणांनींच त्यांची कीर्ति झाली. किंगही तेथून उठून कित्येकदां त्यांच्यामागें जात आणि एखाद्या मुद्द्यावर त्यांच्याशीं वाद घालीत. भाषणांतील एक आग्रह येथें नमूद करतों, कारण सबंध ग्रंथाची किल्ली आमच्या मतें त्यांत आहे. अटलांटांतील चित्रपटगृहांत कृष्णवर्णीयांना मागच्या जिन्यानें वर जाऊन माळ्यावर बसावें लागे. मेझ विद्यार्थ्यांना सांगत कीं तेथें जाऊं नका. ट्रॅममध्यें मागें बसावें लागतें, तें पोटासाठीं कामावर जावयाचें म्हणून. तेथें तुमच्यावर सक्ति आहे. पण करमणुकीसाठीं, स्वतःचे पैसे मोजून, आपल्या खुषीनें अपमान विकत घेऊं नका. सक्तीनें वांकलेला देह आणि खुषीनें वांकलेलें मन यांत त्यांनीं ही रेघ ओढली. ती ओढतांना बंदुकीपुढें टोपी काढणारा बाप त्यांना दिसत असला पाहिजे. त्याला त्यांनीं रेघेच्या अलीकडे, निर्दोष बाजूला ठेवलें. पोरांना मात्र त्यांनीं ती सवलत दिली नाहीं. स्वतः मेझ यांना मतदानाचा हक्क प्रत्यक्ष बजावतां आला तो पन्नाशी उलटल्यावर, हें ध्यानांत घेतलें म्हणजे हा उपदेश किती अडचणीच्या जागीं उभा राहून केलेला होता, तें कळतें.

उपदेश करणाऱ्याची कसोटी शिष्य घेतात. फेब्रुवारी १९५६ मध्यें मंटगमरीच्या बसबहिष्काराबद्दल किंग व इतर अनेक यांच्यावर आरोपपत्र ठेवण्यांत आलें, तेव्हां किंग अटलांटास वडिलांकडे आले होते. वडिलांनीं शहरांतील प्रतिष्ठित मंडळी घरीं बोलाविली. मुलानें परत जाऊं नये, गेला तर जीव जाईल, हें सर्वांनीं मिळून त्याला पटवावें हा बेत. मंडळींनीं तसें सांगितलेंही. मुलानें उत्तर दिलें कीं माझ्या लोकांना तेथें सोडून मला राहतां यावयाचें नाहीं. मग त्यानें मेझ यांच्याकडे पाहिलें, आणि मेझ यांनीं त्याची बाजू घेतली. एका दिवाणखान्यांत, एका बापासमोर, त्याच्या मुलाला धोक्याकडे जाऊं द्या असें म्हणणें सोपें नव्हतें. दहा डॉलरच्या त्या नोटेची येथें कोणाला आठवण होणार नाहीं?

१९६० सालची कसोटी निराळी, आणि तींत गुरूपेक्षां शिष्यांची सरशी झाली असें आमचें मत आहे. गोऱ्यांसाठीं राखलेल्या उपाहारगृहांत जाऊन बसण्याची चळवळ सुरू होतांच अटलांटांतील कॉलेजांच्या सहा अध्यक्षांनीं विद्यार्थी पुढाऱ्यांना बोलाविलें. आधीं आपलें म्हणणें जाहीरनाम्याच्या रूपानें मांडा, असा सल्ला अटलांटा विद्यापीठाचे अध्यक्ष रूफस क्लेमंट यांनीं दिला. ९ मार्चला तो जाहीरनामा वृत्तपत्रांत झळकला. १५ मार्चला मुलें उपाहारगृहांत जाऊन बसलीं. मेझ मुलांच्या बाजूचे होते, यांत शंका नाहीं. परंतु वेग मुलांचा होता. ज्यानें वर्षानुवर्षें मंगळवारीं मानेचा ताठपणा शिकविला, त्याचे विद्यार्थी एका मंगळवारीं असेच त्याच्या पुढें निघून गेले, आणि मेझ यांनीं त्यांना हांक मारून मागें बोलाविलें नाहीं. शिक्षकाला याहून अधिक काय साधतां येतें, हें आम्हांला ठाऊक नाहीं.

परंतु कथेला आणखी एक वळण आहे, आणि तें पुस्तक प्रसिद्ध झाल्यानंतरचें असल्यामुळें पुस्तकांत नाहीं. मोरहाउस सोडल्यावर मेझ अटलांटाच्या शाळामंडळाचे अध्यक्ष झाले; १९७० पासून १९८१ पर्यंत ते त्या जागेवर होते. गोऱ्या व काळ्या मुलांनीं एकत्र शिकावें यासाठीं त्यांना बसगाड्यांनीं दूरच्या शाळांत नेण्याचा वाद न्यायालयांत वर्षानुवर्षें चालला होता. १९७३ सालीं तडजोड झाली. बसगाड्यांची योजना अगदीं मर्यादित ठेवावयाची, आणि त्या बदल्यांत शाळाखात्याचा कारभार कृष्णवर्णीयांच्या हातीं यावयाचा. त्याप्रमाणें अलोन्झो क्रिम हे शहराचे पहिले कृष्णवर्णीय शाळाधिकारी झाले. ही तडजोड करण्यांत पुढाकार घेणारे स्थानिक पुढारी लॉनी किंग, हे १९६० सालच्या त्याच विद्यार्थी चळवळीचे नायक! राष्ट्रीय संघटनेनें याबद्दल आपल्या अटलांटा शाखेवर कारवाई केली. आणि या समेटाला लोकांनीं नांव दिलें 'अटलांटा तडजोड'. अमेरिकेच्या इतिहासांत हें नांव पूर्वीं एकदां वापरलें गेलें आहे : बुकर वॉशिंग्टन यांच्या १८९५ सालच्या अटलांटांतील त्या भाषणाला, ज्यांत त्यांनीं सामाजिक समतेची मागणी तूर्त बाजूला ठेवून कृष्णवर्णीयांसाठीं काम व धंदेशिक्षण मागितलें.

मग 'जन्मजात बंडखोर' अखेर वॉशिंग्टनच्याच वाटेला लागला असें म्हणावयाचें काय? म्हणणारे म्हणतात. आम्ही तसें म्हणणार नाहीं, पण आक्षेप हंसण्यावारीही नेणार नाहीं. वॉशिंग्टन यांच्याविषयींही आज पूर्वींपेक्षां अधिक माहिती आहे. मताधिकार हिरावून घेणाऱ्या कायद्यांविरुद्धच्या खटल्यांना ते गुप्तपणें पैसा पुरवीत, हें त्यांच्या कागदपत्रांवरून मागाहून उजेडांत आलें. म्हणजे बंड दोघांच्याही मनांत होतें. फरक पडला तो विद्यार्थ्याच्या कानीं काय पडलें यांत. टस्कीजीच्या विद्यार्थ्यानें आपल्या गुरूच्या तोंडून उघडपणें ऐकलें तें धीर धरण्याबद्दल. गुरूचा राग त्याच्यापासून लपविलेला होता. मोरहाउसच्या विद्यार्थ्याला दर मंगळवारीं सांगण्यांत येई कीं हें जें चाललें आहे तें अन्याय्य आहे, आणि तुम्हांला तें सोसावें लागत असलें तरी मान्य करण्याचें कारण नाहीं. तडजोडी मेझ यांनींही केल्या. त्या तडजोडी आहेत हें त्यांनीं मुलांपासून लपविलें नाहीं.

ग्रंथाचे दोष सांगितले पाहिजेत. उत्तरार्धांत समित्या, परिषदा, मानपत्रें आणि पदव्या यांची इतकी गर्दी झाली आहे कीं जबानी देणारा साक्षीदार जाऊन त्याच्या जागीं वार्षिक अहवाल वाचणारा चिटणीस उभा राहतो. रेल्वेच्या डब्यांत झालेले अपमान एकामागून एक येतात; प्रत्येक खरा आहे, प्रत्येक संतापजनक आहे, पण वाचकाच्या मनांत ते एकमेकांवर पडून बोथट होतात. जो कांहींच विसरत नाहीं, त्याला निवड करणें जड जातें. पुरुष घडविण्याचें मोरहाउसचें ध्येय वारंवार गायिलें आहे. रस्त्यापलीकडे स्पेलमनच्या मुली काय घडत होत्या, याचा मागमूस क्वचितच लागतो. पत्नी सेडी या स्वतः समाजसेविका. १९६९ सालीं, पुस्तक निघण्यापूर्वीं दोन वर्षें, त्या वारल्या. लेखक त्यांच्याविषयीं कृतज्ञतेनें बोलतो, परंतु त्या आपल्यापुढें बोलूं लागत नाहींत. आणखी एक गोष्ट. मेझ अखेरपर्यंत आपल्या लोकांसाठीं 'नीग्रो' हा शब्द वापरतात. पुस्तक निघालें तोंवर तरुणांनीं तो टाकून दिला होता. याला आम्ही दोष म्हणत नाहीं; पण म्हातारा आपल्याच शब्दावर कसा अडून बसतो, याची गंमत वाटते.

शिष्य व गुरु यांच्यांत एक वचन झालें होतें कीं जो मागें राहील त्यानें दुसऱ्याच्या अंत्यविधीला बोलावें. वयाचा हिशेब पाहतां हें वचन शिष्यानेंच पुरें करावयाचें होतें. ९ एप्रिल १९६८ रोजीं मोरहाउसच्या आवारांत एकोणचाळीस वर्षांच्या किंगच्या शवपेटीजवळ त्र्याहत्तर वर्षांचे मेझ बोलावयास उभे राहिले. ते भाषण इतरत्र छापलेलें मिळतें. मेझ १९८४ सालीं वारले. त्यांची आणि सेडीची समाधि त्याच आवारांत ग्रेव्ह्ज हॉलपुढें आहे.

ज्यांना समग्र ग्रंथ वाचण्यास सवड नसेल, त्यांनीं बालपणाचीं प्रकरणें, भारताचीं पानें आणि किंगविषयींचें प्रकरण, एवढीं तरी याच क्रमानें वाचावींत. आणि घरीं 'एक होता कार्व्हर' असेल, तर तें त्याआधीं एकदां पुन्हां चाळावें.